वाळवल्याशिवाय वजन नाही

खाणीत तिला सगळे पीठबाई म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर मॅडम, पाठ वळली की पीठबाई. नवीन लागलेल्या माणसाला आधी हेल्मेट मिळतं, मग बूट आणि दुपारच्या चहापर्यंत हे नाव. ते का पडलं हे मात्र आता फारसं कोणाला ठाऊक नाही. बाई गोऱ्या आहेत म्हणून, असं पोकलेनवाल्याला वाटतं. ऑफिसातल्या टायपिस्टचं म्हणणं असं की बाईंना कुठलाही दगड कुटून त्याचं पीठ केल्याशिवाय चैन पडत नाही. खरं कारण माहीत असलेली तीनच माणसं उरली होती: ती स्वतः, प्रयोगशाळेतला म्हातारा भट्टीवाला आणि तिचे सासरे.

खाण टाकणखाराच्या जातकुळीतल्या खनिजांची. शास्त्रात त्यांना बोरेट म्हणतात. काचेत, साबणात, चिनी मातीच्या भांड्यांवरच्या चकाकीत ती जातात. खाण म्हणजे एका आटून गेलेल्या खाऱ्या तळ्याचा तळ. भला मोठा खड्डा, त्याच्या कडेने गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. ती कपड्यांच्या शिवणीत असते, पंख्याच्या पात्यांवर असते, पाण्याच्या पेल्याच्या कडेला असते. वसाहतीतल्या बायका सकाळ-संध्याकाळ केर काढतात आणि दोन्ही वेळेला सुपलीत तेच पांढरं.

या सगळ्या पांढऱ्यातून कुठलं काय, हे सांगणं बाईचं काम. ती खाणीची भूवैज्ञानिक. तिच्या टेबलावर रोज कोणी ना कोणी दगड आणून ठेवतं आणि रोज कोणी ना कोणी तोंड पाडून परत जातं.

"मॅडम, हे काय असेल?" एकदा एका मुकादमाने मोठ्या हौसेने विचारलं.

"ओझं," ती म्हणाली. "जिथून उचललंत तिथे ठेवून या."

एक ठेकेदार हट्टाला पेटला होता. "चमक बघा ना यात. काहीतरी असणार."

"चमक तुमच्या टकलावर पण आहे. तिथे ड्रिल लावायचं का?"

लोक हसायचे. तीही ओठांच्या एका कोपऱ्याने हसायची. तिच्या टेबलावरून शाबासकी घेऊन गेलेला माणूस कोणी पाहिलेला नाही. तिला हे काम ज्याने शिकवलं, त्याच्याकडूनही शाबासकी कधी कोणी नेली नव्हती.

तो माणूस म्हणजे मोठे साहेब. ती कॉलेजातून नुकतीच आली तेव्हा खाणीतल्या दगडांवर त्यांचंच राज्य होतं. उंच, सडपातळ, आवाज कधी न चढवणारा. आवाज चढवायची गरज नसलेल्या माणसांना लोक जास्त भितात. त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारावर निळ्या रंगात एक पाटी होती: वाळवल्याशिवाय वजन नाही. खड्ड्यातून येणारा प्रत्येक नमुना आधी विजेच्या भट्टीत जायचा, रात्रभर वाळायचा आणि मग तराजूवर. गिऱ्हाइकाला माल विकायचा, पाणी नाही, असा त्यामागचा हिशेब. नियम चांगलाच होता. नमुन्यात मुळात किती पाणी होतं हे कधीच कळायचं नाही, एवढीच त्याची खोट. आणि ते कळायची गरज कधी कोणाला पडली नव्हती.

लागून दोन-तीन महिने झाले असतील. पूर्वेकडच्या भिंतीत, खालच्या पायरीवर, निळसर चिकणमातीच्या थरात तिला एक पोकळी दिसली. आत हात घातला तर बोटांना काचेसारखे खडे लागले. गार, ओलसर, पाचरीच्या आकाराचे.

बोरेटं ओळखायची म्हणजे पंचाईत असते. सगळी पांढरी, सगळी मऊ. एक मिठासारखं दिसतं, दुसरं खडूसारखं, तिसरं तुरटीसारखं. आधी मुळात बोरेट आहे का ते बघायचं. कणभर चुरा घ्यायचा, वर ॲसिडचा थेंब, थोडं स्पिरिट आणि काडी लावायची. ज्योतीची कड हिरवी झाली की बोरेट. पण कुठलं, ते हिरवी ज्योत सांगत नाही. ती सगळ्यांनाच हिरवी. त्यासाठी सुरीच्या पात्यावर खडा ठेवायचा आणि खालून दिवा धरायचा. खाणीतलं नेहमीचं बोरेट तापलं की तडतडून उडतं, डोळे सांभाळावे लागतात. हा खडा उडाला नाही. तो आधी घामेजला, मग स्वतःच्याच पाण्यात मेणासारखा वितळला. दगडाला पाझर फुटणं म्हणतात ते तिने त्या दिवशी पाहिलं.

तिने दुसरा खडा तळहातावर तोलला. दिसायला जेवढा, त्या मानाने फार हलका. नख लावलं, ओरखडा उठला. जिभेला लावला. आधी गारवा, मग पुसटशी गोडसर चव, मग तुरट. पुस्तकात या खनिजाचं नाव लांबलचक आहे, कुणा परक्या प्राध्यापकाच्या आडनावावरून ठेवलेलं. खाणीतले जुने लोक ओली काच म्हणायचे आणि तेही ऐकीव. पाहिलेला कोणी नव्हता. ओल्या काचेच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. जमिनीत, ओल्या मातीत ती युगानुयुगं सुखाने पडून राहते. कोरड्या हवेत आणली आणि ऊब दिली की पाणी सोडते, तडकते आणि भुकटी होते. मग इथून ट्रक भरभरून जाते त्या भुकटीत आणि तिच्यात काही फरक राहत नाही.

तिने आपला जेवणाचा डबा रिकामा केला, त्यात ओली माती भरली, मातीत खडे रोवले आणि धावत वर आली.

साहेबांनी डब्यात पाहिलं. हात लावला नाही.

"वाळवून आण."

"साहेब, ओली काच आहे ही. वाळवली तर ती राहणार नाही."

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे."

"दारावर काय आहे?"

तिने मान वर करून पाटीकडे पाहिलं.

"मोठ्याने वाच."

"वाळवल्याशिवाय वजन नाही."

"वाचता येतं म्हणजे. कॉलेजची फी अगदीच पाण्यात नाही गेली."

प्रयोगशाळेत पाच-सहा माणसं होती. सगळी हसली. तिने खडे मातीतून काढले, पुसले आणि स्वतःच्या हाताने ट्रेमध्ये ओळीने मांडले. भट्टीवाला तेव्हा तरुण होता. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, साहेबांकडे एकदा पाहिलं आणि दार लावून बटण फिरवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. ट्रे स्वतः हातात धरला. "या, बघून घ्या. आपल्या खाणीतली ओली काच." आणि ट्रेवर फुंकर मारली. भुकटी तिच्या केसांवर, पापण्यांवर, ओठांवर बसली. "उरलंसुरलं घरी घेऊन जा. खळ कर, पाकिटं चिकटव." मागून कोणीतरी "पीठबाई" म्हणालं आणि तिचं बारसं झालं. ती रडली नाही. तोंड न पुसता जागेवर जाऊन बसली. आठवडा उलटायच्या आत पूर्वेची ती भिंत सुरुंगाने उडवण्यात आली. तेही कामाच्या ओघातच होतं. कोणी मुद्दाम केलं असं म्हणायला जागा नव्हती.

साहेबांनी मुद्दाम केलं की त्यांना खरंच कळलं नाही, हा एकच प्रश्न तिला त्या दिवसापासून चिकटला. माणूस अडाणीपणाने लाथ मारतो तेव्हा दुखतं आणि विसरता येतं. ओळखून मारतो तेव्हा हिशेब उरतो. यातलं काय झालं होतं ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिला विसरताही येत नव्हतं आणि हिशेबही मांडता येत नव्हता.

वर्षभराने साहेबांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. वसाहतीत लग्नाच्या वयाची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. मुलगा माल भरायच्या यार्डात सुपरवायझर होता, शांत आणि निरुपद्रवी. भुकटीच्या दिवशी न हसलेला तो एकटा. त्या दिवशी तो रजेवर होता. तिच्या घरच्यांना एवढं मोठं स्थळ चालून आल्याचं अप्रूप वाटलं. ती हो म्हणाली. का म्हणाली, हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. त्या माणसाच्या घरात राहिलं तर कधीतरी खरं कळेल, असा तिचा अंदाज असावा.

घरात नवरा आणि नणंद त्यांना बाबा म्हणायचे. ती साहेबच म्हणत राहिली. पाहुणे आले की साहेब तिची ओळख करून द्यायचे, "ही आमची सून. दगडाचं पीठ फार छान करते." सासूबाई होत्या तोवर दुसरं काहीतरी बोलून विषय बदलायच्या. त्या गेल्यावर तेही बंद झालं. निवृत्तीच्या आधी साहेबांनी खाणीतल्या खनिजांवर जाडजूड अहवाल लिहिला, कापडी बांधणीचा. ओल्या काचेवर त्यात एकच वाक्य आहे: हे खनिज येथे आढळत नाही, आढळल्याचा एक दावा नवशिक्याच्या उतावीळपणातून झाला होता. नवशिकी तेव्हा स्वयंपाकघरात त्यांच्या पथ्याचं शिजवत होती.

मग साहेबांना झटका आला. उजवं अंग गेलं. नजर आधीच अधू होती, तीही गेली. जीभ मात्र शाबूत राहिली. देव कधी कधी नेमकं नको ते मागे ठेवतो.

बाईने त्यांना मागच्या खोलीत हलवलं. खोलीत लोखंडी पलंग, औषधांचं स्टूल, खिडकी आणि थंडीच्या दिवसांत कोपऱ्यात तारांचा हीटर. ती त्यांना भरवायची, पुसायची, ठरल्या वेळी कूस बदलायची. पाठीला कधी जखम होऊ दिली नाही. डॉक्टरही म्हणाले, अशी सेवा दवाखान्यात होत नाही. तिने त्या खोलीत कधी आवाज चढवला नाही आणि कामापलीकडे एक शब्दही खर्च केला नाही.

"सून नाही, नर्स ठेवली आहे," साहेब मुलाला म्हणायचे. "नर्स निदान पगार घेते म्हणून गोड बोलते."

"बाबा, ती दमते हो," नवरा म्हणायचा.

"दमते कसली. वाट बघते."

त्यात खोटं काही नव्हतं. पण कशाची वाट, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, मरणाची.

थंडी संपत आली होती तेव्हा पोकलेनवाल्याचा फोन आला. खड्ड्याच्या तळाशी पाणी उपसायच्या पंपाचा खळगा खोल करत होते, बकेटला निळी माती लागली होती आणि मातीत काचा फुटल्यासारखं काहीतरी चमकत होतं. "तुम्हीच म्हणता ना मॅडम, बिनकामाचं दाखवू नका. पण हे वेगळं दिसतंय. शिव्या द्यायच्या तर खाली येऊन द्या."

ती खाली गेली. बकेटने पोकळीचा चेंदामेंदा केला होता आणि खळग्यात साचणाऱ्या पाण्याने उरलेलं खायला सुरुवात केली होती. ती गुडघ्यांवर बसली आणि उघड्या हातांनी माती चाचपू लागली. चुरा, चुरा, आणखी चुरा. शेवटी कोपऱ्यात, मातीत अर्धा गाडलेला, अंगठ्याएवढा एक अख्खा खडा. पाचरीच्या आकाराचा. आरपार.

चुऱ्यातला एक कण तिने जिभेवर ठेवला. गार, गोडसर, तुरट. दुसऱ्यावर ॲसिड, स्पिरिट, काडी. हिरवी कड. तिसरा सुरीच्या पात्यावर, खाली दिवा. पोकलेनवाला सवयीने मागे सरकला.

"उडणार नाही," ती म्हणाली.

कण घामेजला आणि वितळला.

"काय आहे मॅडम?"

"अजून काही नाही," ती म्हणाली. "तोंड बंद ठेवा."

या वेळी ती नवशिकी नव्हती. तिने खिशातल्या छोट्या तराजूवर खडा जागच्या जागी तोलला. बरणीत ओली माती भरली, त्यात खडा रोवला, झाकणाच्या कडेला मेण लावलं. वर येऊन शहरातल्या संस्थेला फोन केला. तिथल्या माणसाने क्ष-किरणाच्या यंत्रावर तपासून देतो म्हटलं, सोमवारी स्वतः न्यायला येतो म्हटलं. आवाजावरून कळत होतं, त्याला खुर्चीवर बसवत नव्हतं. एवढा एक खडा शहरात पोचला असता तर साहेबांच्या अहवालातलं ते वाक्य खोडलं गेलं असतं आणि पीठबाई हे नाव खाणीला गिळावं लागलं असतं.

पण यंत्राने खड्याचं नाव सांगितलं असतं. त्या दिवशी साहेबांना काय माहीत होतं ते यंत्र सांगणार नव्हतं. ते सांगणारा माणूस मागच्या खोलीत होता आणि डॉक्टरांच्या मते तोही फार दिवसांचा नव्हता. तिने बरणी पिशवीत घातली आणि दुपारीच घरी गेली.

नवरा यार्डात होता. साहेब जागे होते. तिने दार लोटलं, बरणीचं मेण काढलं आणि खडा त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला.

"काय हे?"

"तुम्ही सांगा."

त्यांची बोटं हलली. कित्येक महिन्यांत त्या हाताने चमचाही धड धरला नव्हता. आता अंगठा खड्याच्या धारांवरून फिरला, कोपरे मोजले, थांबला. तळहात किंचित वरखाली झाला, तोललं. नख ओढलं. मग त्यांनी हात सावकाश तोंडाशी नेला आणि खडा जिभेला लावला. डोळे मिटलेले होते, तरी चेहरा बघत असल्यासारखा झाला.

"कुठे मिळाली?" आवाज बदलला होता. खाणीतला आवाज होता तो.

"काय मिळाली?"

"खेळ करू नकोस. ओली काच."

"नक्की?"

"वीस वर्षं त्या खड्ड्यात हिला शोधत होतो. मला विचारतेस नक्की?"

तिने स्टूल ओढलं आणि बसली. "आणि त्या दिवशी? डब्यात होती ती?"

साहेब हसले. अर्धाच चेहरा हसला, दुसरा अर्धा तसाच राहिला. "तीच. डबा उघडायच्या आधीच कळलं होतं. तुझ्या तोंडावर लिहिलं होतं."

"मग?"

"मग काय? मी वीस वर्षं दगड फोडले आणि कालची पोरगी डब्यात घालून घेऊन येते. तुला पेढे वाटायला हवे होते?"

"वाळवून आण म्हणालात."

"म्हणालो. तू वाळवलीस. कोपराशी तराजू होता. आधी एकदा वजन केलं असतंस, दुसऱ्या दिवशी एकदा, निम्मं वजन गेलेलं दिसलं असतं आणि मला तोंड उघडायला जागा राहिली नसती. घाबरलो होतो मी. रात्रभर झोप नव्हती. पण तू पाटी वाचलीस आणि ट्रे भरलास." त्यांना धाप लागली, तरी ते थांबले नाहीत. इतक्या वर्षांनी धंद्यातलं बोलायला माणूस मिळालं होतं. "तेव्हाच ठरवलं. म्हटलं, सांगितलं तर स्वतःचं सोनं स्वतःच्या हाताने भट्टीत घालते आणि वर रडत नाही. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळणार नाही."

खिडकीच्या काचेवर भुकटीचा थर होता, त्यातून ऊन मळकट येत होतं. नोकरी लागली, नाव पडलं, लग्न झालं, या तीन गोष्टी ती आजवर वेगवेगळ्या समजत होती.

"आता नीट ऐक," साहेब म्हणाले. "लगेच बरणीत ठेव. माती ओली आहे ना? शहरात संस्थेला कळव. आणि पुरवणी लिहायची अहवालाला. दोन नावं घालायची. सासरा आणि सून."

"हो."

"माझं आधी. वयाने."

"द्या," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

त्यांनी खडा तिच्या तळहातावर ठेवला. अगदी जपून, दोन बोटांत धरून.

झाकणाचा आवाज आला नाही. आला तो बशीचा, चिनी मातीवर दगड टेकल्याचा. मग कोपऱ्यातला हीटर फरशीवरून ओढल्याचा. मग बटणाचा.

"काय करतेस?"

"वाळवते."

"वेडी आहेस का? एकच आहे ना ती? अजून आहेत?"

"एकच."

तारा लाल झाल्या. तिने बशी हीटरच्या वरच्या जाळीवर ठेवली, पलंगापासून हातभर दूर. साहेबांचा डावा हात हवेत चाचपडला, पलंगाच्या कडेला आपटला, पुन्हा उठला. उजवं अंग जागचं हललं नाही.

"सूनबाई."

"इथेच आहे."

"बंद कर ते. तुझंच नुकसान आहे. तुझं नाव लागणार होतं गं."

"दारावर काय आहे साहेब?"

त्यांचा हात पलंगाच्या कडेवर थांबला.

"मोठ्याने," ती म्हणाली.

ओली काच सुकताना फार मोठा आवाज करत नाही. घड्याळाच्या काट्यासारखी टिक होते, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टिक. डोळे असलेल्या माणसाचं तिकडे लक्षही जाणार नाही. साहेब प्रत्येक आवाजाला मान वळवत होते. मधे त्यांनी मुलाला हाका मारल्या. तो घरात नव्हता. मग त्यांनी शिव्या दिल्या, मग गोडीत येऊन तिच्या आईबापांची विचारपूस केली, मग तिला पोरी म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच. ती स्टुलावर बसून त्यांच्या औषधांच्या बाटल्यांची झाकणं पुसत होती.

ऊन उतरलं तोवर खड्याची पाचर पांढरी पडून खचली होती. बोट लावलं तेव्हा तिचं पीठ झालं.

साहेब एकदम म्हणाले, "वजन केलं होतंस? आधी?"

"केलं होतं."

त्यांच्या छातीतून श्वास सुटला. "मग झालं तर. मग काही गेलं नाही. भुकटी जपून ठेव, एक कण सांडू नकोस. आताचं वजन कर. निम्मं भरेल. तेवढा पुरावा बास आहे. मी सांगेन त्यांना, मी हातात घेतली होती."

तिने बशी उचलली आणि त्यांच्या तोंडासमोर धरली. त्यांना वाटलं असावं, वास द्यायला. त्यांनी मान थोडी वर केली.

तिने फुंकर मारली.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा ती त्याच्या वडिलांचा चेहरा ओल्या फडक्याने पुसत होती.

"काय झालं गं? हे काय सगळं पांढरं?"

"काही नाही. खिडकी उघडी राहिली होती."

सोमवारच्या माणसाला तिने शनिवारीच फोन केला. चुकून कळवलं, म्हणाली, साधंच निघालं. त्याचा आवाज पडला. पोकलेनवाल्यालाही तेच सांगितलं, वर एक टोमणा मारला आणि तो निमूट कामाला लागला. खळगा पाण्याने भरला.

साहेब डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा जास्त जगले. सुटीच्या दिवशी जुने सहकारी भेटायला यायचे आणि साहेब त्यांना धरून बसायचे.

"ऐका. ओली काच आपल्या खाणीत आहे. मी लिहिलं ते चुकलं. ते वाक्य काढा. सुनेने आणली होती, या हातात होती. अंगठ्याएवढी."

पाहुणे बाईकडे बघायचे.

"औषधांनी होतं तसं," ती चहाचे कप ठेवत म्हणायची. "परवा सासूबाई येऊन गेल्या म्हणत होते."

"खोटं बोलते," साहेब म्हणायचे. "ती बाई खोटं बोलते."

पाहुणे त्यांचा हात थोपटायचे. एवढा करारी माणूस, काय ही अवस्था, असं दाराबाहेर गेल्यावर म्हणायचे. आणि सुनेच्या सोशिकपणाचं कौतुक करायचे. खाणीच्या माणसांकडून तिच्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी ती हीच.

एकदा म्हातारा भट्टीवाला आला. साहेबांनी त्यालाही सगळं सांगितलं, तारांचा हीटर, बशी, फुंकर. तो ऐकत राहिला. मग त्याने गोधडीच्या शिवणीत बोट घातलं, चिमूटभर पांढरं काढलं आणि अंगठ्याखाली चोळलं. उभा जन्म त्याने हेच केलं होतं. पण या वसाहतीत कोणाच्या अंथरुणात भुकटी नसते?

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे काय आहे?"

"पीठ," ती म्हणाली.

त्याने बोटं पँटला पुसली. चहा अर्धा टाकून उठला आणि पुन्हा आला नाही.

तो गेल्यावर साहेब म्हणाले, "कोणी मानत नाही."

"नाही."

"तू एकदा हो म्हणालीस तर मानतील."

"मानतील."

कूस बदलायची वेळ झाली होती. तिने एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली आणि नेहमीसारखं अलगद, कुठे दुखू न देता, त्यांना भिंतीकडे वळवून ठेवलं.